काचेच्या कपाटातलं लग्न

ओवळ्याची हौसा दर बुधवारी पनवेलच्या बाजाराला येते. वाल विकून झाले की आमच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकते. वय साठीचं, पण डोक्यावर पाटी असली तरी मान ताठ. ती धवलारीण. म्हणजे आगरी लोकांत लग्न लावणारी बाई. आपल्याकडे भटजी मंत्र म्हणतात, तशी ही हळदीपासून वरातीपर्यंत धवले गाते. आत्याकडून शिकली. अक्षर एक लिहिता येत नाही, पण सगळं तोंडपाठ.

गेल्या बुधवारी ती टेकलीच नाही. "वयनी, वाचनालयाच्या माडीवर काय मांडलंय ते मना दाखव."

"तिथे काय तुझं?"

"काशीराम बघून आला." काशीराम तिचा मुलगा. त्याच्या मुलीचं, मैनेचं, लग्न वैशाखात आहे. "म्हनतो, आये, तिथं आपलं लगीन मांडलंय. त्यात भटजी हाय, धवलारीन नाय. शिकलेली मानसं चुकतील काय? मैनेचं लगीन भटजीच लावील, तू आपली आहेर घेत बस."

एवढं बोलून तिने पदराने तोंड पुसलं. माझी एकादशी, हातात जपाची माळ. ती गोमुखीत ठेवली आणि निघाले.

सत्तावन्न साली माडीवर उघडलेलं हे संग्रहालय दोन खोल्यांचं. पहिलीत चित्रं, खाडीतली गलबतं, कर्नाळ्याचा सुळका. हौसाने तिकडे बघितलंसुद्धा नाही. दुसरीत तलवारी, नाणी, समया, आणि काचेच्या कपाटात शाडूच्या बाहुल्या. नवरा, नवरी, अंतरपाट, पंचांग घेतलेला भटजी. खालची चिठ्ठी मी वाचून दाखवली, 'आगरी विवाह'.

काचेला नाक लावून ती बघत राहिली. मग संग्रहालय सांभाळणाऱ्या मास्तरांना म्हणाली, "मास्तर, या पोरांचं लगीन लागलंच नाय."

"म्हणजे?"

"धवलारीन कुठं हाय? लगीन न लावता दोघांना एका कपाटात कोंडलंय तुमी. पाप लागंल."

मला हसू आवरेना. मास्तर मात्र गंभीर. "बाई, छापील पुस्तकावरून केलंय. त्यात धवलारीण नाही."

"पुस्तकवाला जेवूनच गेला असंल. लगीन बघाया थांबला नसंल."

"शिवाय कपाटात जागाही नाही."

"जागा मी करीन."

खरं लिहायचं तर माझ्याही मनात आलं होतं, मंत्रांवाचून लग्न कसलं? पण परतताना तिने हळदीचा धवला चालता चालता म्हणून दाखवला. त्यात गणपतीपासून गावदेवीपर्यंत सगळ्यांना बोलावणं. माझ्या पोथीत तरी दुसरं काय असतं?

आज ती आली ती पाटीत, वालांवर फडक्यात गुंडाळलेली बाहुली घेऊन. खाडीच्या चिखलाची, उन्हात वाळवलेली, अंगाला हौसाच्याच जुन्या लुगड्याची चिंधी. तोंड उघडं, गात असलेलं.

माडीवर ती बघताच मास्तरांनी हात जोडले. "बाई, ऐका जरा..."

"तुमीच ऐका." आणि कपाटासमोर उभी राहून तिने धवला धरला. खाली वर्तमानपत्र वाचणारे जिना चढून वर आले. टपाल घेऊन आलेला दादू शिपाई तर पिशवीसकट पुढे घुसला. "मास्तर, माझं लगीन हिनंच लावलं. सा पोरं हायत. आता ते सगळं खोटं म्हनू?"

हशा झाला. मास्तरही हसले आणि त्यांनी किल्ली काढली. जागा करायला ते भटजीची बाहुली उचलू लागले, तेव्हा हौसानेच त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या बिचाऱ्याला. पंचांग धरून बाजूला उभा ऱ्हाईल." एका बोटाने तिने भटजीला सरकवलं आणि नवरीच्या शेजारी आपली बाहुली उभी केली. मास्तरांनी चिठ्ठीवर शाईने ओळ वाढवली, 'लग्न लावणारी धवलारीण'. तिने ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"आता लागलं. लावा कुलूप," ती म्हणाली. जिन्यापर्यंत जाऊन परत वळली. "आनि मास्तर, रविवारी उघडं ठेवा. काशीराम येनार हाय. त्याला अजून सांगितलं नाय, पन येनार हाय."