मामीजींनी आखलेले डोळे

माझे सासरे नागपूरच्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, मूर्ती घडवत. त्यांना मी मामाजी म्हणे आणि सासूबाईंना मामीजी. घरात एकच मुलगा, माझे यजमान. मातीकाम बापाचं आणि डोळ्यांची आखणी लेकाची, अशी वाटणी होती. मूर्ती वाळली, रंग बसला, की अगदी शेवटी ते बारीक कुंचला घेऊन बसत, आणि तेवढा वेळ मामीजी आम्हाला खोकूसुद्धा देत नसत. आम्हा नवरा-बायकोत बोलणं फारसं नव्हतं. पण डोळे आखून झाले की ते मला हळूच कामाच्या छपरीत बोलावून सगळ्यांच्या आधी दाखवत. मला तेवढं पुरे.

मानमोडी तापाची साथ नागपुरात शिरली तेव्हा दसरा नुकताच उलटला होता. ओळीतल्या घराघरांतून तिरड्या निघाल्या. आमच्याकडूनही निघाली. माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. मी रडले की नाही ते आठवत नाही. मामीजी रडल्या नाहीत, हे मात्र पक्कं आठवतं. त्या छपरीत उरलेल्या मातीच्या ढिगाजवळ जाऊन बसून राहिल्या.

तेरावं झाल्यावर त्या मामाजींना म्हणाल्या, "माह्या पोराची मूर्ती घडवा."

मामाजी ढिगातली माती बोटांनी चाचपू लागले. मग म्हणाले, "घडवतो. पण डोळे नाही आखणार. पूजा नाही करायची."

त्यांनाही मुलगा पाहायचा होताच. बांबूचा सांगाडा बांधला, भाताची तणस गुंडाळली, वरून चिकणमाती चढवली. पुरुषभर उंचीची मूर्ती झाली. यजमानांचा डावा खांदा किंचित उतरलेला होता, तोसुद्धा साधला. मी दारातून पाहिलं आणि तशीच मागे फिरले. डोळे मिटून कोणी उभं असावं, तसं वाटत होतं.

मामाजी बाजारात गेले होते त्या सकाळी मामीजींनी अंगावरून पाणी घेतलं आणि ओलेत्यानंच छपरीत जाऊन कुंचला उचलला.

"मामीजी, हे काय करून राहिल्या?" मी विचारलं.

"मूर्तीत देव येते ना वं? मंग माहा पोरगा काहून नाही येणार?"

त्यांचा हात त्या कामाचा नव्हता. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा झाला. भटजी करतात तशी त्यांनी मूर्तीच्या छातीला दूर्वा लावली. मंत्र येत नव्हता. म्हणून त्या लेकाच्या लहानपणच्या लाडक्या नावानं हाका मारत राहिल्या, जेवायला बोलवावं तशा.

मूर्तीनं मान वळवली.

मी किंचाळले असेन, कारण मामाजी आले तेव्हा मी अंगणात बसले होते आणि शेजारीण माझ्या तोंडावर पाणी मारत होती. मामाजींनी आत पाहिलं आणि खाली बसले ते बसलेच.

त्या दिवसापासून तो मातीचा देह घरात वावरू लागला. तो बोलत नसे. जेवत नसे. मामीजी पुढ्यात ताट ठेवत, भात वाळून कडक होईपर्यंत तो ताटाकडे पाहत बसे. पापणी लवत नसे. सांगितलेलं काम करी: माती तुडव म्हटलं की तुडवी, थांब म्हणेपर्यंत तुडवी. उन्हात बसला की ओठांच्या कोपऱ्यांना भेगा पडत. मग मामीजी ओल्या हातानं त्याचं तोंड सारखं करत, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख दिसे ते पाहून मला त्या मूर्तीपेक्षा त्यांचीच भीती वाटे.

त्यांनी माझ्यापुढे हिरव्या बांगड्या ठेवल्या. "भर. तुहा धनी आला."

"हे नाहीत ते, मामीजी."

"त्याले तुह्या खोलीत झोपू दे. मंग समजन तुले."

"मी विहिरीत उडी टाकीन," मी म्हटलं. त्यांनी बांगड्या उचलल्या, पण मला माफ केलं नाही.

ओळीतले लोक कुंपणावरून डोकावू लागले. कोणी म्हणे साथ याच घरातून पसरून राहिली. मामीजी घाबरल्या. त्यांनी त्याला दारात उभं केलं आणि म्हणाल्या, "कोणाले आत येऊ देऊ नको. कोणाले बाहेर जाऊ देऊ नको. समजलं काय गा?"

त्याला समजलं.

मग मामाजींना ताप चढला. तोच ताप, तोच नाकातून येणारा रक्ताचा धागा. मी सीताबर्डीवरच्या डॉक्टरांना आणायला निघाले, तर त्यानं माझं मनगट धरलं. पकड थंड, ओली. दुखत नव्हतं, पण सुटतही नव्हतं.

"सोड तिले!" मामीजी ओरडल्या. तो हलला नाही; बाहेर जाऊ देऊ नको, हे दारातलं सांगणंच तो धरून होता. त्यांनी त्याच्या गालात मारली. बोटांचे ठसे मातीत उमटून राहिले. "बाप मरून राहिला तुहा! आयकू येते काय तुले?"

तो त्यांच्याकडे पाहत होता, एका मोठ्या आणि एका लहान डोळ्यानं. त्या डोळ्यांत राग नव्हता, माया नव्हती, ओळखसुद्धा नव्हती. मामीजींचे हात खाली आले.

खाटेवरून मामाजी म्हणाले, "बसवलेली मूर्ती बोळवा लागते. पोरी, तू बोळव; मायच्यानं नाही होणार. शिदोरी दे त्याले."

मामीजींनीच दहीपोहे कालवले. कालवताना त्या थांबत होत्या, पुन्हा कालवत होत्या. फडक्यात बांधून त्यांनी पुरचुंडी माझ्या मोकळ्या हातात दिली. मी ती त्याच्यापुढे धरली. इतके दिवस मी त्याला कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती.

"अहो," मी म्हटलं, "चला."

मनगट सुटलं.

भर दुपार होती, पण साथीमुळे रस्ता ओस होता. एका बाईनं आम्हाला पाहून लेकरू आत ओढलं आणि दार लावलं. मी पुढे, तो मागे. जुम्मा तलावाच्या पायऱ्यांवर मी बाजूला झाले. देवाला बोळवताना लोक म्हणतात, पुन्हा या.  मी म्हटलं, "आता पुन्हा येऊ नका."

तो पाण्यात उतरला. गुडघे, मग कंबर. छातीपर्यंत पाणी आल्यावर त्यानं एकदा मान वळवली. मग पाणी गढूळ झालं, आणि थोड्या वेळानं तणस वर तरंगू लागली.

मी तशीच सीताबर्डीला गेले आणि डॉक्टरांना टांग्यात बसवून आणलं. मामाजी वाचले. हात मात्र कापू लागले, म्हणून पुढे ते साच्यातले नंदी तेवढे करत.

मामीजी पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. संक्रांतीच्या सुमारास मी त्यांच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "पाण्यात जातानी त्यानं मागं पाह्यलं काय वं?"

"पाहिलं."

"तुह्याकडे?"

"नाही. घराकडे."

त्यांच्या पाठीला हुंदके येऊ लागले. मुलगा गेल्यापासून त्या पहिल्यांदाच रडत होत्या. मी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि त्यांना धरून बसले.