हनानचा बाप्पा

२०१६ साली गणपतीला तीन दिवस उरले असताना पुण्याहून पार्सलने निघालेली मूर्ती आमच्या जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या घरी पोचली, तीही दोन तुकडे होऊन. बाप्पालाच आमच्याकडे यायचं नाही, असं मनात येऊन मी चक्क रडले. माझ्या जर्मनच्या वर्गात हनान नावाची एकोणीस वर्षांची पॅलेस्टिनी निर्वासित मुलगी होती. चित्रकार व्हायचं, हा एकच ध्यास. माझे सुजलेले डोळे बघून तिने कारण विचारलं आणि म्हणाली, "फोटो दाखव. माती मी आणते." दोन दिवस आमच्या स्वयंपाकघरात खपून तिने असा गोड गणपती घडवला की सासूबाई बघतच राहिल्या. "अगं, सोंड किती डौलदार!" मराठी तिला कळली नाही, कौतुक मात्र बरोबर कळलं.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. उत्तरपूजा झाली, मी बादली भरत होते आणि हनान मोठा खोका घेऊन दारात हजर! कला महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी तिला आपली माप्पे, म्हणजे निवडक कामांचा संच, द्यायची होती आणि तिचं सगळ्यात सुंदर काम म्हणजे हीच मूर्ती. बाप्पाला पाण्यात सोडतात, हे तिला सांगायचं आम्हा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ऐकून तिचा चेहरा पडला. फोटो काढ म्हटलं, तर म्हणाली, "पण फोटोत माझा हात कुठे दिसतो?" मी सासूबाईंना विचारलं, "अहो आई, देऊन टाकूया का?" त्यांना रीत मोडवेना आणि पोरीचं नुकसानही बघवेना. मी हात जोडले. बाप्पा, मला काही सुचत नाही, तूच बघ.

तेवढ्यात हनानने खोका बाजूला ठेवला, बादलीशेजारी मांडी घातली आणि वही उघडली. "सोडा," ती म्हणाली, "पण हळू." संध्याकाळपर्यंत ती विरघळणारा बाप्पा काढत होती. आधी सोंड, मग कान, मग पोट, शेवटी नुसतं करडं पाणी. हात मातीने आणि पेन्सिलीच्या शिशाने माखलेले, म्हणून सासूबाई तिला मोदक भरवत होत्या.

प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा ती धावतच जिना चढून आली. परीक्षकांनी बाकीचं काम भराभर चाळलं होतं, त्या चित्रांपाशी मात्र थांबले होते. याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. खरं सांगते, हात जोडताना मनातून मी मूर्ती वाचावी म्हणूनच विनवत होते. ती वाचली असती तर ती चित्रं झालीच नसती. मागणं माझं अजून सुटलेलं नाही. कसं द्यायचं, ते मात्र मी आता बाप्पाला सांगत बसत नाही.