तळ्यावरची डबी आणि रेवणसिद्धप्पाचे पाहुणे

आमच्या रेवणसिद्धप्पाला येड लागलंय, असं अख्खी गल्ली म्हनायची. मी म्हनत न्हवते. मी त्याच्या शेजारची राजूबाई, पिठाची गिरणी चालवते. गिरणीतनं त्याचा ओटा दिसतो, आन् ओट्यावरनं बसवण्णाच्या कल्याणचं त्रिपुरांत तळं. बायको निलम्मा गेल्यापासनं हा मानूस त्या ओट्यावर बसून असायचा. पोरगा किरणकुमार बेंगळूरला. इतवारी फोन करतो, "जेवलाव का अप्पा," इचारतो आन् ठेवतो. जेवल्याचं ऐकायलाबी थांबत न्हाई मेला.

मागल्या दिवाळीनंतर दोन पोरं तळ्याकाठच्या लिंबाच्या पाराभवती फोन धरून फिरायली. धोंडे उचलून बघायली, भेगेत हात घालायली. कल्याणात जुन्या दगडाखाली मोहरा हुडकनारे येडे कमी न्हाईत, तसलेच हे असं वाटून अप्पा काठी घेऊन गेला. पोरं हसली. पाराच्या दगडामागनं एक प्लास्टिकची डबी काढून दाखवली. खेळ हाय म्हनली. कोनीतरी डबी लपवायची, फोनातल्या नकाशावर तिची जागा टाकायची, मग कुठकुठले लोक येऊन हुडकनार, आतल्या चिठ्ठीवर नाव लिहिनार. एखादी बारकी वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची.

"एवढ्यासाठी हैद्राबादहून आलाव?" अप्पा म्हनला. "मग जेवलाव का न्हाई?"

झालं, पोरं घरात. निलम्मा होती तवर त्या दारावरनं कोनी उपाशी गेलं न्हाई. बसवण्णाला माननाऱ्यांच्या घरात आलेल्याला घास दिल्याबिगर सोडत न्हाईत, दासोह म्हनत्यात त्याला. पन ती गेल्यावर येनारंच कोन होतं? आता डबी मानसं धाडायली. लातूरचं जोडपं आलं, पुन्याचा एक दाढीवाला आला. कोनी पाराशी वाकलं की अप्पा उठलाच. डबी कुठाय ते सांगायचा न्हाई, खेळ मोडतो म्हनून. सापडेस्तोवर गुमान उभा राहायचा, मग ताटावर बसवायचा. त्या दिवशी दळण घेऊन आला की कोन आलं, काय बोललं, मला धा येळा ऐकवायचा. मी वैतागायचे. पन इतक्या दिसांनी त्याला बोलायला मानूस मिळालं होतं, मग भांडावं वाटायचं न्हाई.

एकदा तो भालकीला लग्नाला गेला, आन् मागं कोनी येऊन नाव लिहून गेलं. केवढा हळहळला. "माझ्या दारातनं रिकाम्या पोटी गेलं की, राजूबाई." तवापासनं डबीतच शेंगाच्या पोळीचे तुकडे ठेवायला लागला. आपन घरी नसलो तरी पाहुन्याला घास मिळावा. मीबी म्हनलं, बरं केलाव.

मुंग्या लागल्या. मग उंदरानं डबी कुरतडली. येनाऱ्यांनी फोनात लिहिलं की घाण झालीय.

मग शैलश्री म्हनून कलबुर्गीची पोरगी आली. डबी तिनंच ठेवलेली. फुटकी डबी पिशवीत घालायली तवर अप्पा नेहमीसारखा गेला, तिला घरी आनलं, ताट वाढलं. मी दळण द्यायला आलते, दारातच थांबले. पोरगी मान खाली घालून म्हनली, "अप्पा, डबीत खायचं ठेवू नये असा नियम हाय. कोनी ठेवलं म्हाईत न्हाई, पन मी इथली डबी बंद केलीय. आता दुसऱ्या गावात ठेवनार."

"मीच ठेवलतो," अप्पा म्हनला. "मला ठावं न्हवतं. आता न्हाई ठेवनार. परत ठीव की."

"नकाशावरनं काढून झालं अप्पा. मला लांबनं येऊन सारखं बघनं हुईना."

मला त्या पोरीचा राग आला, आन् तिचं काही चुकलं न्हवतं म्हनून जास्तच आला.

मग अप्पा हळूच म्हनला, "डबी राहू दे. त्या नकाशावर माझं घर टाकता येतं का? रेवणसिद्धप्पा, तळ्याकाठी. येतील हुडकत."

पोरीचा घास हातातच राहिला. "मानसं टाकता येत न्हाईत त्यात," ती म्हनली.

"व्हय का." अप्पानं टोपल्यातनं आनखी एक भाकरी काढली आन् तिला इचारल्याबिगर ताटात वाढली. तिचं पोट भरलेलं त्याला दिसत होतं. ताट रिकामं होईस्तोवर ती उठनार न्हाई, हेबी ठावं होतं.