नदीतली तिरकी वाट

मला अक्षरं पत्रकांवरून कळली. वडील पाण्याच्या समान वाटपासाठी चाललेल्या चळवळीतले. इतरांच्या कॉटखाली कांदे असायचे, आमच्या कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे. मी आयुष्यात पहिला शब्द वाचला तो 'मागणी'. पुढं वडील गुडघ्यांमुळं घरी बसले आणि गावातली पत्रकं लिहायचं काम माझ्याकडं आलं. रस्ता, एसटी, आरोग्य केंद्रातलं रिकामं टेबल. माझ्या पत्रकात 'नम्र विनंती' हे शब्द कधी नसत. त्याचा मला अभिमान होता, अजूनही थोडा आहे.

आमचं गाव कृष्णेच्या काठावर. अलीकडं सातारा जिल्हा, पलीकडं सांगली. पलीकडच्या काठावर एक वस्ती आहे. पूर्वी मेंढरं घेऊन दुष्काळी भागातून खाली यायची आणि मग इथंच शेती धरून राहिली, अशा घरांची. त्यांची मुलं आमच्या गावच्या हायस्कुलात येतात, कारण त्यांच्या बाजूचं हायस्कूल लांब आणि त्या रस्त्याला एसटी नाही. मधे जुना, अरुंद पूल होता. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी त्याचे मधले दोन गाळे बसले. पूल आधीच बंद केलेला होता, त्यामुळं जीव गेला नाही. पण स्लॅबचे तुकडे, दगड आणि सळया खाली वाहत जाऊन बरोबर जुन्या घाटासमोर पसरले. पूल व्हायच्या आधी जिथून नाव चालायची, ती जागाच पुलानं पडताना बुजवली.

दसरा झाला, पाणी उतरलं. दोन्हीकडच्या कचेऱ्यांत आमचा अर्ज फिरत होता. नदीच्या मधोमध पडलेला दगड कुठल्या जिल्ह्याचा, यावर विचार चालू होता म्हणे. मी पत्रक काढलं. त्यात ठणकावून लिहिलं, की श्रमदान करणार नाही. राडारोडा काढणं सरकारचं काम आहे, आपण हात लावला तर ते कायमचे हात झटकतील. हे तत्त्व मी वडिलांकडून शिकले होते.

ग्रामपंचायतीसमोर पत्रक वाचून दाखवलं त्या दिवशी पलीकडच्या वस्तीवरून एक काकू आल्या होत्या. दुधाच्या गाडीत बसून, वरच्या मोठ्या पुलावरून वळसा घालून, दोन तासांनी पोचल्या होत्या. त्यांची मुलगी दहावीला होती. त्यांनी पत्रक हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "बाई, ह्यो कागुद पान्यावर टाकला तर तरंगंल का?"

"म्हणजे?"

"म्हंजी पोरगी त्याच्यावर बसून शाळंला यील, म्हणून इचारलं."

लोक हसले. मी तापले. म्हणाले, "काकू, हा हक्काचा प्रश्न आहे."

"व्हय की. हक्क ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ, मी न्हाई मागत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडायच्या दिवशी नाव चालली तर माझी पोरगी शाळंत. न्हाई चालली तर तिचा बा तिला विट्याला नणंदंच्या घरी धाडनार. नणंदंचं दुकान हाय, ल्हान लेकरं हायती. एकदा तिकडं लेकरं सांभाळाय लागली की शाळा गेलीच. माझी तशीच गेली."

वस्तीवरच्या सहा मुलींचं थोड्याफार फरकानं तेच होतं. मुलगे पोहून यायचे म्हणत होते, त्यांना कुणी शाळेतून काढणार नव्हतं.

मी त्या दिवशी पत्रकातली एक ओळ खोडली. 'श्रमदान करणार नाही' काढून 'श्रमदान करू आणि पुलाची मागणीही सोडणार नाही' असं केलं. वडील खुर्चीतून म्हणाले, "आता जरा पत्रकासारखं झालं." मला ते लागलं, पण ते बरोबर होते.

कामाची सूत्रं सुभेदारांकडं गेली. हे आमच्या गावचे निवृत्त फौजी, पूल बांधणाऱ्या पलटणीत आयुष्य काढलेले. बोलताना अर्धं हिंदी. "प्लॅन पायजे. बिना प्लॅन एक पत्थर हलवायचा न्हाई." प्लॅन मी काढला. अलीकडचा घाट, पलीकडचा घाट, आणि मधे पट्टीनं मारलेली सरळ रेघ. दोन नावा शेजारून जातील एवढी रुंद. सुभेदारांनी बघितला आणि म्हणाले, "पास." तोच नकाशा मी नव्या पत्रकाच्या मागं छापला आणि पुढं मोठ्या अक्षरात लिहिलं : नावाड्यांच्या पिढ्यानपिढ्यांच्या ज्ञानाला सलाम.

गावात एकच नावाडी उरला होता. सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. पूल झाला तेव्हा त्यांचं काम गेलं, नाव गोठ्यात गेली आणि तिची गव्हाण झाली. इतकी वर्षं म्हशी तिच्यातून वैरण खात होत्या. आम्ही वाजतगाजत ती बाहेर काढली. भेगा बुजवल्या, डांबर फासलं. आण्णांच्या हस्ते नारळ फोडला, त्यांचा फोटो काढला. प्रश्न मात्र एकही विचारला नाही.

आठ दिवस राबलो. उसाचे ट्रॅक्टर अजून मोकळे होते, त्यांना साखळ्या लावून काठाजवळचे स्लॅब ओढले. पाण्यातल्या तुकड्यांवर पोरं घण घालायची, वेल्डिंगवाला कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून वर आलेल्या सळया कापायचा. सुटे दगड काठावर न्यायला गुऱ्हाळाची काहील आणली. उसाचा रस आटवायची ती भलीमोठी कढई आमच्याकडं पुरात माणसं काढायलाही वापरतात. आता तिच्यात दगड भरून ढकलत न्यायचे. पलीकडच्या बाजूनं काकू आणि वस्तीवरच्या बायका दगड उतरवून घ्यायच्या. मोकळ्या झालेल्या वाटेच्या दोन्ही कडांना आम्ही तेलाचे रिकामे पिवळे कॅन दगडाला बांधून तरंगत ठेवले. वरून बघितलं तर पाण्यात आखलेला रस्ताच. मी त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'ही जनतेची वाट'.

आण्णा रोज सकाळी येऊन काठावरच्या जांभळीखाली बसायचे, तंबाखू मळायचे, बघायचे आणि जेवायच्या वेळेला घरी जायचे.

नवव्या दिवशी नाव पाण्यात सोडली. आण्णांना त्या दिवशी ताप होता, म्हणून सुभेदारांच्या हातात वल्हं. आत मी, वेल्डिंगवाला आणि दोन पोरं. पिवळ्या कॅनच्या मधून पंधरा-वीस हात छान गेलो. मग मधल्या धारेनं नाव धरली. सुभेदार जीव खाऊन वल्हवत होते, नाकासमोर पलीकडचा घाट होता, आणि तो घाट हळूहळू आमच्या डावीकडं सरकत चालला होता.

"राईट! अरे राईट मारो!"

"सुभेदार, वल्हं तुमच्याच हातात हाय!" वेल्डिंगवाला ओरडला.

नाव कॅनची रांग तोडून खाली गेली आणि घाटाच्या बऱ्याच खाली, न काढलेल्या एका स्लॅबवर जाऊन बसली. फळी चिरली. पाणी छातीपर्यंतच होतं, चालत अलीकडच्या काठाला आलो. पलीकडच्या काठावर काकू उभ्या होत्या. हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शाळा उघडायला सहा दिवस राहिले होते.

ओल्या कपड्यांनीच मी आणि सुभेदार आण्णांच्या घरी गेलो. ते घोंगडी घेऊन बसले होते. सुभेदारांनी सगळं सांगितलं. आण्णांनी नकाशा मागून घेतला, डोळ्यांजवळ नेला.

"ही रेघ कसली?"

"नावेची वाट," मी म्हणाले.

"नावंची?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मला वाटलं तुमी पुलाचं दगूड गोळा करताय, घाट बांधाय. नावंची वाट कुनी असली सरळ आखतं व्हय गं?"

"मग आण्णा, आठ दिवस काठावर बसून होता, बोलायचं तरी."

"इचारलंसा कुनी? नारळ फोड म्हनला, फोडला."

मग त्यांनी चुलीतला कोळसा घेतला आणि माझ्या पत्रकाच्या मागं, माझ्या सरळ रेघेवर, स्वतःची वाट काढली. घाटावरून निघायचं, काठाला धरून बांबूनं रेटत वर जायचं, जांभळीच्याही वर. तिथं नावेचं तोंड फिरवायचं आणि धारेत सोडून द्यायचं. मग धारच नावेला तिरकी खाली आणते, पलीकडच्या घाटाला लावते. वल्हं फक्त सांभाळायला. परत येताना त्या काठानं तसंच. "नदी आडवी तोडाय जाऊ ने. तिला तुमास्नी न्यायचंच असतंय, फकस्त वरनं बसाय लागतंय."

मी कायम पुलावरूनच नदी ओलांडलेली. सुभेदारांनी पूल बांधलेले. या काठावरून त्या काठाला जायचं म्हणजे समोर बघून चालायचं, एवढंच आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्ही पाण्यात पूलच आखला होता. आणि मी तर ज्या ज्ञानाला छापील सलाम ठोकला, त्याच्या शेजारून आठ दिवस दगड वाहून नेले होते.

सुभेदार उठून उभे राहिले. "गलती माझी. प्लॅन मी पास केला."

"काढला मी," मी म्हणाले.

"बसा ओ," आण्णा म्हणाले. "च्या घेऊन जावा. ताप मला हाय आनि कापताय तुमी."

चिरलेल्या फळीवर वेल्डिंगवाल्यानं तात्पुरता पत्रा ठोकला. पुढचे सहा दिवस आण्णा जांभळीखाली बसले नाहीत. काहिलीत बसून, बांबूनं तळ चाचपत ते सांगायचे : हा राहू दे, नाव वरून जाती; हा काढा; ही सळई कापा, पोट फाडंल. सगळा राडारोडा काढायची गरजच नव्हती. मोजकेच तुकडे वाटेत येत होते, पण त्यातला एक स्लॅब आख्खा होता आणि ट्रॅक्टरला हलत नव्हता. दोन दिवस त्याच्यावर घण पडत होते. काकू काहिलीतून अलीकडं आल्या आणि त्यांनीही घण मागितला. एक पोरगा म्हणाला, "काकू, तुमच्यानं न्हाई व्हायचं." त्या म्हणाल्या, "गड्या, तुझ्या वयाची असताना मेंढवाड्याच्या मेखा कुनी ठोकल्या, तुझ्या बानं?" स्लॅब शेवटी ज्या घणानं फुटला तो त्यांचा नव्हता, पण त्यांनी वस्तीवर तसंच सांगितलं. आम्ही कुणी खोडून काढलं नाही.

शाळा उघडायच्या सकाळी धुकं होतं. मी अलीकडच्या घाटावर उभी होते. पलीकडं सहा मुली दप्तरं छातीशी धरून नावेत बसल्या. आण्णा मागं, हातात बांबू. नाव निघाली ती काठाला धरून सरळ वर, शाळेपासून लांब. त्या घाटावर काकूंच्या मुलीचे वडील उभे होते. रोज घाटावर काकू होत्या, ते नव्हते; त्यांना वाटेचं काही माहीत नव्हतं. ते ओरडले, "आवं आण्णा! शाळा तिकडं न्हाई!"

त्या काठावर काकू आणि या काठावर आम्ही सगळे एकदमच हसलो. पाण्यावरून ते हसू एकमेकांत मिसळलं.

"गप उभं ऱ्हावा," काकूंचा आवाज आला. "येतीय आता खाली."

पलीकडच्या काठानं जांभळीच्याही वर गेल्यावर नावेनं तोंड फिरवलं. धारेनं तिला धरलं. पिवळ्या कॅनच्या नव्या, तिरक्या रांगेतून ती कुणी न ओढता खाली आली आणि घाटाला हलकीशी टेकली. काकूंची मुलगी पहिली उतरली. तिनं खाली आपल्या पायांकडं बघितलं आणि मला म्हणाली, "ताई, बूट कोरडं ऱ्हायलं."

मागं वळून तिनं हात केला. पलीकडं तिच्या वडिलांनी हात वर केला, जरा उशिरा.

पुलाची मागणी मी सोडलेली नाही. नवं पत्रक दोन्ही काठांच्या सह्यांनिशी निघालं आहे आणि त्यावर 'नम्र विनंती' याही वेळी नाही. मागच्या बाजूला आण्णांचा कोळशाचा नकाशा छापलाय, आणि या खेपेला मजकूर छापखान्यात द्यायच्या आधी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी एक शब्द बदलायला लावला. 'सलाम' काढून टाक म्हणाले, त्या जागी नावेला नवी फळी पायजे ते लिही.