सहाही सेटवर सासूबाईंचा आवाज

माझी नात मोबाईलवर लोकांचे असले अनुभव वाचत बसते आणि मी तिला हसते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पूर्वीही नव्हता. देवाला हात जोडते, पण अंगात येणाऱ्या बाईच्या पाया मी कधी पडले नाही. तरीही एक गोष्ट माझ्यासमोर घडली... चार माणसांत ती मला सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

तेव्हा पुण्यात कोथरूडला टेकडीच्या उतारावर आमची पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. कॉम्प्युटरच्या कंपन्या नुकत्या येऊ लागल्या होत्या, जिकडेतिकडे बांधकामं. आमच्या वरच्या अंगालाही एका मोठ्या सोसायटीचं काम चालू होतं आणि तिची दगडी भिंत आमच्या खोल्यांच्या अगदी पाठीशी होती. नवरा कारखान्यात, मी खाली दोन घरी पोळ्या करायची. घरी सासूबाई. आम्ही यवतमाळकडचे. त्या तिखट आणि मी मुकी, असं सगळी ओळ म्हणायची. खोटं नव्हतं ते.

शेजारी कौसल्याबाई राहायची. खोलीमागच्या बोळात, भिंतीला लागून, तिचं कोंबड्यांचं खुराडं होतं. त्या कोंबड्या एकदा सासूबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवरून फिरल्या. तेव्हापासून बोलणं बंद. "तिच्या बाजूले पाय नाही ठेवणार," असं सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आणि त्या बोलल्या की बोलल्या.

पावसाची झड लागून राहिली होती. एका दुपारी मी पोळ्या लाटत असताना कुणीतरी सांगत आलं, भिंत पडली... मी पिठाच्या हातांनी धावले. आमची आणि कौसल्याबाईची, दोन्ही खोल्या दगडमातीखाली गेल्या होत्या. कौसल्याबाई लेकीच्या बाळंतपणाला गावी, तिचा नवरा कामावर. राहिल्या आमच्या सासूबाई. त्यांना दम्याचा त्रास. मातीखाली त्या किती वेळ तग धरणार, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

फायर ब्रिगेड आली, आणि तिच्याबरोबर डोंगर चढणाऱ्या मंडळींचं मदतपथक. त्यांचे प्रमुख देवधर सर, एरवी बँकेत नोकरीला. मोबाईल तेव्हा मोजक्या लोकांकडे, आणि त्या पावसात तोही लागत नव्हता. या लोकांकडे हातात धरायचे वायरलेस सेट होते, एकूण सहा. एकजण वर भिंतीशी उभा राहून माती सरकतेय का ते सांगायचा, बाकीचे आमची खोली उकरत होते. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. एकाचं बटण दाबलेलं राहिलं तर बाकी कुणाला बोलता येत नाही, सगळ्यांना त्याचाच आवाज ऐकू येतो. हे मला त्याच दिवशी कळलं, कारण तसंच झालं.

सेटमधून खरखर सुरू झाली आणि थांबेना.

"कोण बसलंय बटणावर?" सर ओरडले. "उठा जरा, आम्हालाही बोलायचंय."

कुणीच दाबलं नव्हतं. सरांनी सगळ्यांना सेट वर धरायला लावले. सहाही दिसत होते, बोटं बाजूला. तरी सहाहीतून एकच आवाज... कोंबड्यांची कलकल, आणि तिच्याखाली एक म्हातारा आवाज.

"उगी राहा वं पोरीहो. मी हाओ ना. कायले भेता?"

"सर, रेडिओवरचं कसलं तरी नाटक घुसलंय," एकजण म्हणाला.

"मग चॅनल बदला. नाटक घरी जाऊन ऐकू."

ते बदलणार, एवढ्यात मी सरांची बाही धरली. परक्या पुरुषाला मी आयुष्यात तेवढाच एकदा हात लावला असेन. "बंद नका करू," मी म्हणाले. "त्या माझ्या सासूबाई आहेत. मागच्या बोळात आहेत... खुराड्यापाशी."

ओळीतली एक बाई म्हणाली, "काहीतरीच. ती मेली तरी तिकडे जायची नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, नक्की?"

"हो," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

"चला मागे," सर पथकाला म्हणाले.

"आणि तिथे नसल्या तर?"

"तर परत येऊ. पाय आहेत ना आपल्याला."

खुराड्याचा पत्रा तिरका पडला होता. त्याच्याखाली पोकळी, आणि पोकळीत सासूबाई. पोटाशी दोन कोंबड्या, जिवंत. पथकातल्या एकाचा हात त्यांच्या खांद्याला लागला आणि सहाही सेट गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी देवधर सर हॉस्पिटलात आले. म्हणाले, "मावशी, तुम्ही बोलत राहिलात म्हणून सापडलात."

"मी कुठं बोलली, बाप्पा? तोंडात माती होती. मनात म्हणत होती."

नर्सबाईही म्हणाल्या, माती काढली तेव्हा तोंड गच्च भरलेलं होतं.

त्यावर सर म्हणाले, "आम्हाला हवेतून बोलायला सरकारचं लायसन्स लागतं. तुमचं बिनलायसन्सचं चालतं, बरं आहे." पण हे म्हणताना ते हसत नव्हते. पुढे त्यांनी सहाही सेट उघडून तपासून घेतले. एकातही दोष निघाला नाही.

तुम्ही तिकडे गेलात कशाला, असं मी सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "भिंत करकरली, म्हणून कोंबड्या सोडाले गेली. भांडण कौसल्येशी हाय, कोंबड्याइशी नाही."

हे कसं झालं ते मला आजही माहीत नाही. शिकलेल्यांना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. सासूबाई त्यानंतर कितीतरी वर्षं जगल्या. देवधर सरांसाठी, त्या सहाही सेटसाठी आणि जे कुणी मध्ये होतं त्याच्यासाठी मी रोज दिवा लावताना हात जोडते.

सर हॉस्पिटलात येऊन गेले त्या संध्याकाळी मी नेहमीसारखी खाली फरशीवर बसले होते. सासूबाईंसमोर मी कधी खाटेवर बसले नव्हते. सासूबाईंनी विचारलं, "तू त्या सायबाची बाही धरली म्हणे?"

मी मान डोलावली. त्या कण्हत कण्हत भिंतीकडे सरकल्या आणि खाटेवर माझ्यापुरती जागा केली.