रूट कार्डातला खोडलेला दिवस

गस्तीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नाईक दिगंबर मोघे गेला. शत्रू दोन खोरी पलीकडे होता. कोणत्याही बाजूने एकही गोळी सुटली नव्हती.

ते युद्धाचं वर्ष होतं. मी पलटणीच्या इंटेलिजन्स सेक्शनमध्ये हवालदार होतो. काम नकाशांचं. गस्त निघायची असली की तिचं रूट कार्ड मी करायचो. रूट कार्ड म्हणजे एक तक्ता: कुठून कुठे, अंतर किती, चढ किती, वेळ किती आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. डोंगरात नकाशावरचं अंतर मोजून दिवस ठरत नाहीत, उंची मोजून ठरतात. बारा हजार फुटांवर माणसाने एक दिवस काही न करता थांबायचं असतं. शरीराला तेवढा वेळ लागतो. हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. आमच्या कॅप्टन साहेबांनाही माहीत होतं.

दिगंबर माझ्याच गावचा, जबलपूरचा. वायरलेस ऑपरेटर. त्याचे वडील तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत एक्झामिनर, म्हणजे माल तपासणारे, होते. त्या वर्षी फॅक्टरी तीन पाळ्यांत चालायची आणि घरच्या पत्रांत ओव्हरटाइमशिवाय दुसरी बातमी नसायची. "बाबा शेल तपासून राहिले, मी ते उडवणाऱ्यांना निरोप देऊन राहिलो. घरचाच धंदा आहे," असं दिगंबर म्हणायचा.

माझा मसुदा सहा दिवसांचा होता. दुसऱ्या दिवसासमोर मी 'हॉल्ट' लिहिलं होतं. कॅप्टन साहेबांनी लाल पेन्सिलने तो दिवस खोडला. सहाव्या दिवशी ब्रिगेडियर साहेब भेटीला येणार होते. गस्तीचा रिपोर्ट तोवर टेबलावर हवा होता.

"पाच दिवसांचं करा."

"साहेब, हॉल्ट..."

"जवान आहेत, हवालदार. यात्रेकरू नाहीत."

मी पाच दिवसांचं कार्ड टाइप केलं. 'तयार करणार' या शब्दांपुढे सही केली. स्वच्छ प्रत झाली की मसुदा त्याच संध्याकाळी जाळायचा आणि रजिस्टरात नोंद करायची, असा पलटणीचा नियम होता. मी मसुदा जाळला. नोंद केली: 'कागद एक, जाळला.' कागदावर काय होतं ते लिहायला रकाना नव्हता.

आम्ही अकरा जण निघालो. पुढे सुभेदार साहेब, मागे नकाशा घेऊन मी. पहिला मुक्काम बारा हजारांवर झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता चौदा हजारांवर पोहोचलो. दिगंबर सगळ्यांत शेवटी आला. तो खोकत होता. चार वाजता त्याच्या श्वासात घरघर ऐकू येऊ लागली. थुंकीत गुलाबी फेस होता.

"काहून रे, बसला?" मी विचारलं.

"सेट जड झाला आज. तू वाहून पाहा."

या आजाराला खाली उतरण्याशिवाय इलाज नसतो. उजेड अजून दोन तास होता. चार माणसं देऊन त्याला बारा हजारांवर नेता आलं असतं. सुभेदार साहेबांनी परवानगी मागायची ठरवली. गस्तीत दुसरा ऑपरेटर दिलेला नव्हता. म्हणून सोळाशे तीस वाजता, म्हणजे साडेचारला, खालच्या पोस्टला संदेश दिगंबरनेच पाठवला.

"एक कॅज्युअल्टी. खाली पाठवायची परवानगी हवी. ओव्हर."

"कॅज्युअल्टी कोण? ओव्हर."

"नाईक मोघे. ओव्हर."

"बोलतंय कोण? ओव्हर."

"नाईक मोघे. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर झाली. मग कॅप्टन साहेबांचा आवाज आला.

"बोलू शकतो तर चालू शकतो. गस्त पुढे जाईल. आउट."

दिगंबरने हेडफोन काढला. "साहेबानं फिट केलं मला," तो म्हणाला.

सुभेदार साहेबांनी हुकूम मानला. मीही मानला. पन्नासहून अधिक वर्षं मी कॅप्टन साहेबांना दोष देत आलो आहे आणि तो दोष खरा आहे. उजेडाचे ते दोन तास मी तिथे बसून काढले, हेही खरं आहे.

चौकशीत लिहिलं गेलं, 'जवानाने आजार लपवला.' ज्याने स्वतःच्या तोंडाने वायरलेसवर कळवलं, त्याने लपवला. पोस्टच्या लॉगमध्ये त्या वेळेपुढे फक्त 'संपर्क झाला' असं होतं. मी साक्षीत हॉल्टचं सांगितलं. त्यांनी मसुदा मागितला. मी रजिस्टर दाखवलं. तिथेही सही माझीच होती.

अस्थी घेऊन मी जबलपूरला आलो. नर्मदेच्या ग्वारीघाटावर अस्थी सोडून परतल्यावर दिगंबरच्या वडिलांनी, मोघेकाकांनी, मला समोर बसवलं.

"आमच्याकडे गेज असते," ते म्हणाले. "नग त्यात बसला नाही की लाल रंग लावून बाजूला. मोठा साहेब येऊन उभा राहिला तरी तो पुढे जात नाही. तुमच्याकडे असं तपासणारं कोणी नसते काय?"

"असते, काका."

"कार्डावर सही कोणाची होती?"

"माझी."

काकांनी उठून माझ्यासाठी पाट मांडला. मग म्हणाले, "जेवून जा." मी जेवलो.

पुढे फॅक्टरीत लोक त्यांना विचारायचे, मुलगा आधीपासूनच आजारी होता काय. निवृत्त होईपर्यंत विचारत होते.

तो मुलूख आता राष्ट्रीय उद्यान आहे. तिकडे आता हौशी लोक पायी फिरायला जातात. मागच्या महिन्यात दिगंबरच्या धाकट्या भावाची नात मृण्मयी महाराजपूरहून माझ्याकडे आली. तिला मित्रांबरोबर तिथे पायी जायचं होतं. फोनवर प्लॅन तयार होता. पाच दिवस.

"आजोबा, सब लोग पाचच दिवसांत करून राहिले. रिझर्वेशन भी हो गया."

"दुसऱ्या दिवशी थांबायचं."

"पूरा दिन? करायचं काय तिथं?"

"काही नाही. पत्ते खेळा."

"अच्छा, म्हणजे पत्ते खेळायला एवढं वर चढायचं."

मी तिला सगळं सांगितलं. एक आजोबा फौजेत आजारपणाने गेले, एवढंच तिला घरी कळलं होतं. तिने मध्ये एकदाच विचारलं, "उन्होंने खुद बताया था?"

"स्वतः."

तिने फोन घेतला आणि परतीचं तिकीट एक दिवस पुढे नेलं.

युद्धात पडलेल्यांच्या यादीत दिगंबरचं नाव नाही. त्यासाठी मी तीन अर्ज केले. उत्तर एकाचंच आलं. मृत्यू शत्रूच्या कारवाईत झालेला नाही, असं त्यात होतं. ते बरोबर आहे. शत्रूने त्याला मारलं नाही.

मृण्मयीसाठी मी केलेलं नवं रूट कार्ड सहा दिवसांचं आहे. दुसऱ्या दिवसासमोर 'हॉल्ट' लिहिलं आहे. शेऱ्याच्या रकान्यात नाईक दिगंबर मोघे हे नाव, उंची आणि वेळ आहे. खाली माझी सही आहे. स्वच्छ प्रत मृण्मयीकडे आहे. मसुदा माझ्या कपाटात आहे.