टोपण लागलं की उठायचं

माणूस गेला की त्याचे किस्से त्याच्या माणसांकडं यायला लागतात. माझा दादा जाऊन दोन महिने होत आलेत. अंबडच्या ऑफिसात जो कोणी भेटायला येतो, त्याला आधी चहा येतो, आणि चहा अर्धा झाला की तो म्हणतो, "तुझ्या दादाचं एक सांगू का?" एकाचं सांगून होत नाही तोवर दुसऱ्याला आठवतं. वहिनी म्हणते, लिहून ठेव. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. पण दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून बसलोय.

दादा काय करायचा, ते आधी सांगतो. केमिकल बनवणाऱ्या कारखानदारांची देशभराची एक संघटना आहे. तिचं एक ऑफिस आमच्या नाशकात, अंबडला, एका कॅन्टीनच्या वरच्या मजल्यावर. दादा तिथला सेक्रेटरी. सरकार नवा नियम आणणार असलं की त्याचा कारखान्यांवर काय परिणाम होईल, ते दिल्लीला जाऊन सांगायचं, हे त्याचं काम. आणि मी त्या ऑफिसचा ड्रायव्हर.

आमच्या आईला हे कधी नीट सांगता आलं नाही. नांदगावच्या बाजारात कोणी विचारलं की ती म्हणायची, "मोठा सरकारला समजावतो, धाकटा गाडी चालवतो."

*

आईच्या या बोलण्याचा परिणाम असा झाला की गावाकडची माणसं मागण्या घेऊन घरी यायला लागली.

एकदा आमचे मामा आले. बसायच्या आधीच सुरू झाले. गावची डीपी जळाली, रस्ता उखडला, पोराला एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चिकटव, पाण्याचा टँकर येत नाय, तलाठी भेटत नाय.

दादानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मामा, सरकारकडं जाताना एकच मागणी घेऊन जायची. दोन झाल्या की दोन्ही जातात. यातली एक सांगा."

मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, बराच वेळ विचार केला.

"मंग आधी चहा सांग," म्हणाले.

*

दादाची कामाची एक पद्धत होती. दिल्लीला जायच्या आधी ऑफिसात मीटिंगची प्रॅक्टिस व्हायची. जे जाणार ते टेबलाच्या अलीकडं. पलीकडं दिल्लीच्या साहेबाच्या खुर्चीत मी.

पहिल्यांदा मला वाटलं मस्करी करतोय. म्हटलं, "दादा, मला यातलं काय कळतं?"

"तेच पाहिजे. तुला पटकन राग येतो आणि पटकन कंटाळा येतो. तू साहेब म्हणून एकदम फिट आहेस."

पहिल्या दिवशी समोर बागुल शेठ उभे राहिले. त्यांचा अंबडमध्येच छोटा कारखाना, रंगाला लागणारं केमिकल बनवतात. घसा साफ करून त्यांनी सुरुवात केली, "महोदय, राष्ट्राच्या सर्वांगीण औद्योगिक विकासाच्या वाटचालीमध्ये..."

मी म्हटलं, "पुढचा कोण आहे?"

शेठ लाल झाले. "अरे, सकाळी मी तुला मिसळ खाऊ घातली."

"ती फाइलला लावू का?"

दादा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. शेठ आठवडाभर माझ्या गाडीत बसले नाहीत. रिक्षानं फिरले.

*

दादाचा आणखी एक नियम होता. साहेब बोलताना हातातलं पेन उघडं ठेवतो. ऐकून झालं, त्याचं मन बनलं, की तो टोपण लावतो. तोंडानं काहीही म्हणो, 'बघू' म्हणो, 'विचार करू' म्हणो. टोपण लागलं की मीटिंग संपली. आपण उठायचं, नमस्कार करायचा, निघायचं. त्यानंतर बोललेला प्रत्येक शब्द आपल्याच विरोधात जातो.

म्हणून प्रॅक्टिसलाही माझ्या हातात टोपणाचं पेन असायचं. मी टोपण लावलं की सगळे उठायचे. खरं सांगतो, मला त्यात मजा यायची. मोठमोठे शेठलोक माझ्या टोपणावर उठताहेत!

वहिनीनं ते लगेच उचललं. जेवताना दादा नियम आणि धोरणं सुरू करायचा आणि त्याचा हात ताटातच वाळायचा. एके दिवशी तिनं भाजीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "लागलं. उठा."

आणि तो उठला. अर्ध्या जेवणावरून. मग दोघंही हसत बसली.

*

आता मुख्य भानगड. सरकारचा नियम आला की बागुल शेठ बनवतात त्या केमिकलवर दर्जाचा शिक्का असल्याशिवाय ते विकता येणार नाही. दादा शिक्क्याच्या विरोधात नव्हता. तो म्हणायचा, शिक्का हवाच, नाहीतर कोणीही काहीही विकेल. पण शिक्क्यासाठी कारखान्यात स्वतःची लॅब लागते, आणि शेठसारख्या छोट्या माणसाची लॅब एका रात्रीत उभी राहत नाही. तोपर्यंत कारखाना बंद, माणसं घरी. म्हणून मागणी एकच: मुदत वाढवून द्या.

पहिल्यांदा ही मागणी घेऊन दादा, बागुल शेठ आणि आणखी एक कारखानदार दिल्लीला गेले. शेठनी मोठ्या हौसेनं तिथल्या साहेबांना संघटनेचं नाव छापलेलं पेन दिलं. साहेबांनी ते तिथंच हातात घेतलं.

पेन बटणाचं होतं. त्याला टोपणच नव्हतं.

साहेबांना ते बटण भलतंच आवडलं. टक केलं. पेन बंद झालं असं समजून शेठ उठले, त्यांचं बघून दुसरे उठले. साहेबांनी परत टक केलं. दोघं बसले. टक. उठले. टक. बसले. दादा मधल्या खुर्चीत, दोन्हीकडून माणसं वरखाली.

शेवटी साहेब म्हणाले, "आप लोग बार-बार जा क्यों रहे हैं?"

दादा म्हणाला, "सर, आप ही भेज रहे हैं."

आणि त्यानं टोपणाची सगळी गोष्ट साहेबांना सांगून टाकली. साहेब हसले, त्यांनी चहा मागवला, आणि पाच मिनिटांची मीटिंग जेवणाच्या वेळेपर्यंत चालली. पहिली मुदतवाढ त्या वेळी मिळाली.

*

पुढं तेच साहेब नाशकात आले. ओझरला विमानतळावर मी आणायला गेलो. त्यांना शेठचा कारखाना बघायचा होता.

कारखान्याला वास येतो, साहेब नाक मुरडतील, म्हणून शेठनी काय करावं? सकाळपासून सगळ्या शेडमध्ये गुलाबाचा स्प्रे मारून ठेवला. गेटात शिरताच माझं डोकं भणभणलं. साहेबांना शिंका सुरू झाल्या. एक, दोन, थांबेचनात. रुमाल नाकाला लावून त्यांनी विचारलं, "ये कौन सा केमिकल है?"

दादा म्हणाला, "सर, ये प्रॉडक्ट नहीं है. ये हमारा डर है."

साहेबांनी सगळी दारं उघडायला लावली आणि ते दुपारपर्यंत शेडमध्ये हिंडले.

जाताना गाडीत मला म्हणाले, "तुम्हारा भाई डरता नहीं?"

मी म्हटलं, "घरवाली से."

मागं बसलेल्या दादानं माझ्या सीटला गुडघा मारला.

*

मग दादा आजारी पडला. लॅब उभी राहत होती, पण पुरी झाली नव्हती, आणि मुदत संपत आली होती. दुसऱ्यांदा मागायला जायचं होतं. तो दवाखान्यातल्या कॉटवरही पेन उघडून नियमाच्या मसुद्यावर खुणा करत बसायचा. वहिनी ओरडायची. तो म्हणायचा, "एवढं पान."

एका दुपारी वहिनी डबा आणायला घरी गेली होती. दादा म्हणाला, "बाळ्या, चल, प्रॅक्टिस करू. आज मी साहेब."

मी स्टूल पुढं ओढलं. "साहेब, आमची एकच मागणी आहे."

"बोला."

"मुदत वाढवून द्या."

त्यानं साहेबासारखं विचारलं, "कोणाला?"

"आम्हाला. घरच्यांना."

मोठ्या मीटिंगसाठी त्यानं शिकवलेलं मला सगळं पाठ होतं. रडायचं नाही, लांबण लावायचं नाही, एकदा सांगून थांबायचं. मी थांबलो.

दादानं चादरीत चाचपून टोपण शोधलं. पेनाला लावलं. पेन माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशावर हात ठेवला.

मी स्टूलवरून उठलो.

*

पुढच्या आठवड्यात बागुल शेठ ती राहिलेली दुसरी मुदतवाढ मागायला दिल्लीला जाणार आहेत, दादाशिवाय पहिल्यांदाच. ऑफिसात सगळे म्हणाले, प्रॅक्टिस तरी करू. मी नको म्हटलं. शेठ म्हणाले, "बाळू, तू नाही बसलास तर मी तिथं काय बोलू?"

सोमवारी मी खुर्चीत बसलो. खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं. खिडकीखाली कॅन्टीनचा पत्रा तापला होता, भजी तळल्याचा वास येत होता. दादाची खुर्ची कोणीतरी भिंतीला लावून ठेवली होती.

शेठ उभे राहिले. घसा साफ केला. या वेळी राष्ट्र नाही, विकास नाही.

"साहेब, आमची एकच मागणी आहे," ते म्हणाले. "मुदत वाढवून द्या."

मग ते थांबले, दादानं शिकवलं होतं तसे. सगळे माझ्या हाताकडं बघत होते.

मी टोपण खिडकीतून बाहेर फेकलं. खाली पत्र्यावर ते वाजलं, घरंगळत गेलं, आणि कॅन्टीनवाला ओरडला, "कोण हाय रे वर?"

"शेठ, बसा," मी म्हटलं. "सावकाश बोला."